हवं ते सांगण्याचं इंग्रजी

दहावीचा निकाल लागला की 'प्रिफरन्स' हा शब्द जळगाव-धुळ्याच्या घराघरांत शिरतो. अकरावीचा ऑनलाइन अर्ज, तंत्रनिकेतनाचा अर्ज, बारावीनंतर सीईटीच्या कॅप फेऱ्या, सगळीकडे पसंतीक्रम भरावा लागतो. इंग्रजीचा कधी संबंध न आलेला बापही संध्याकाळी मुलीला विचारतो, "पहिला प्रिफरन्स काय टाकला?" मुलगी सांगते, कारण अर्जात जागा आखलेली असते आणि तिथे कॉलेजचे नाव निवडायचे असते. तीन-चार वर्षांनी हीच मुलगी नोकरीच्या मुलाखतीला बसते. समोरचा इंग्रजीत विचारतो की तुला पुण्याला काम करायला आवडेल की घराजवळ. आता आखलेली जागा नसते. उत्तर येते, 'ॲज यू विश, सर.' तिला पुणे हवे असते. घरी तिने ते आईला दहा वेळा सांगितलेले असते.

मराठी माध्यमातून शिकलेल्या खान्देशी मुलामुलींनी आपली आवड, निवड, नकार आणि विनंती इंग्रजीतून नीट सांगावी, एवढ्याच कामासाठी हे पुस्तक लिहिले आहे. व्याकरणाच्या जाड पुस्तकांत या विषयाला एखादे पान मिळते. 'प्रिफर'नंतर 'टू' येतो, 'दॅन' येत नाही, हा नियम तिथे असतो, खाली पाच वाक्ये असतात आणि पुढचे प्रकरण सुरू होते. मला तो प्रकार पुरेसा वाटत नाही. पसंती सांगणे हा भाषेचा रोजचा व्यवहार आहे. दुकानात, गाडीत, वर्गात, पाहुण्यांत, साहेबांपुढे, डॉक्टरांपुढे माणूस दिवसभर हेच करत असतो. परकी भाषा शिकणाऱ्याला 'मी' म्हणून त्या भाषेत उभे राहण्याची पहिली संधी मिळते ती इथेच. 'द सन राइजेस इन द ईस्ट' हे वाक्य कोणीही म्हणो, सूर्य पूर्वेलाच उगवतो. 'आय वुड रादर स्टडी कॉमर्स' हे मात्र ज्याचे त्यानेच म्हणावे लागते.

आपल्याकडे इंग्रजी शिकवण्याची एक जुनी रीत आहे आणि तिचे ऋण मानूनच पुढे जायला हवे. तर्खडकरांच्या 'भाषांतर पाठमाले'वर महाराष्ट्राच्या कितीतरी पिढ्यांनी इंग्रजी गिरवले. मराठी वाक्य घ्यायचे, त्याचे इंग्रजी करायचे, इंग्रजीचे पुन्हा मराठी करायचे. 1930च्या दशकात रेन आणि मार्टिन यांचे व्याकरण आले आणि देशभर पसरले. या पुस्तकांनी पाया पक्का केला, यात शंका नाही. पण त्यांच्यामागून जी परीक्षा आली तिने एक सवय लावली. वाक्य दिलेले असते, ते 'डू ॲज डायरेक्टेड' म्हणून बदलायचे असते. 'ॲज सून ॲज' काढून 'नो सूनर दॅन' घालायचे, 'टू' काढून 'सो दॅट' आणायचे. मुले यात तरबेज होतात. नाशिक विभागीय मंडळाच्या परीक्षेत चांगले गुण मिळवणारी, धुळे-जळगाव-नंदुरबारच्या खेड्यांतली मुले मी पाहिली आहेत, जी हे सगळे रूपांतर न चुकता करतात आणि 'व्हॉट वुड यू लाइक टू ईट?' या प्रश्नाला खाली मान घालतात. दुसऱ्याचे वाक्य बदलणे त्यांना येते. स्वतःचे वाक्य करायला त्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

2000 सालापासून महाराष्ट्रात मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आले. त्याआधी ते पाचवीत सुरू होत असे. म्हणजे आज बारावीत असलेल्या मुलाने बारा वर्षे इंग्रजी ऐकले, वाचले, लिहिले आहे. शब्दसंग्रहाची तक्रार आता फारशी उरलेली नाही. अडचण दुसरीकडे आहे. मुलांना वाटते की पसंतीची इंग्रजी रचना हे काहीतरी सर्वस्वी परके यंत्र आहे आणि ते पाठ केल्याशिवाय चालणार नाही. या पुस्तकाचे म्हणणे याच्या उलट आहे. त्या रचनेतल्या बहुतेक अवघड गोष्टी मराठीत आधीपासून आहेत. कुठे त्या इंग्रजीसारख्याच चालतात, कुठे अगदी उलट्या. कुठे सारख्या आणि कुठे उलट्या एवढे समजले की निम्मे काम होते.

उलटी बाजू आधी सांगतो, कारण सर्वांत मोठा घोटाळा तिथे होतो आणि शिक्षकांचे लक्ष तिकडे कमी असते. मराठीत आपण म्हणतो, "मला चहापेक्षा कॉफी आवडते." नाकारलेली गोष्ट आधी, निवडलेली नंतर. इंग्रजीत 'प्रिफर'चे वाक्य निवडलेल्या गोष्टीपासून सुरू होते: 'आय प्रिफर कॉफी टू टी.' मूल मराठी क्रमाने चालत जाते आणि लिहिते, 'आय प्रिफर टी दॅन कॉफी.' शिक्षक 'दॅन'ला लाल गोल करतात, वर 'टू' लिहितात आणि अर्धा गुण कापतात. वाक्य झाले, 'आय प्रिफर टी टू कॉफी.' व्याकरण शुद्ध, अर्थ नेमका उलटा! ज्याला कॉफी हवी होती त्याच्यासमोर आता चहा येणार. 'टू'च्या जागी 'दॅन' पडला तरी ऐकणाऱ्याला अर्थ कळतो. क्रम उलटला तर कळत नाही, आणि कळले नाही हेही कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणून या पुस्तकात पहिला पाठ क्रमाचा आहे आणि 'टू'-'दॅन'चा पाठ त्यानंतर येतो. वर्गात वेळ कमी असेल तर शिक्षकांनी दुसरा पाठ टाळला तरी चालेल, पहिला टाळू नये, अशी माझी विनंती आहे.

'टू' आणि 'दॅन' यांचा वाद का आहे, तेही एकदा समजून घ्यावे, म्हणजे तो पाठ करावा लागत नाही. 'प्रिफर' लॅटिनमधून आला. त्यात 'पुढे नेणे, पुढे ठेवणे' असा अर्थ आहे. एक वस्तू दुसरीच्या पुढे ठेवली. इथे तुलनेचे रूप नाही, म्हणून तुलनेचा 'दॅन' नाही. लॅटिनमधून आलेले 'सीनियर', 'ज्युनियर', 'सुपीरियर', 'इन्फीरियर' हेही असेच 'टू' घेतात. 'रादर' हा मात्र इंग्रजीच्या मूळच्या मातीतला. 'लवकर' अशा अर्थाच्या एका जुन्या शब्दाचे ते तुलनेचे रूप, म्हणजे 'अधिक लवकर', 'आधी'. तुलनेचे रूप असल्यामुळे त्याला 'दॅन' हवाच: 'आय वुड रादर वॉक दॅन वेट.' वाट पाहण्याच्या आधी मी चालायला लागेन. 'वुड सूनर' हाही याच घरातला. एकदा हे दोन वंश डोळ्यांसमोर आले की 'प्रिफर टू डू धिस रादर दॅन डू दॅट' या मिश्र वाक्यात 'दॅन' कुठून आला हेही उमगते. तो 'प्रिफर'चा नाही, 'रादर'चा आहे.

'प्रिफर मोअर', 'मोअर प्रिफरेबल' ही आपल्याकडची नेहमीची वाक्येही इथेच सुटतात. मराठीत 'जास्त आवडतं' म्हणताना 'जास्त' वेगळा घालावा लागतो. 'प्रिफर'च्या पोटात तो असतोच.

आता सारख्या चालणाऱ्या बाजूकडे येतो. माझा सगळा जीव या भागात आहे, कारण इथे खान्देशच्या मुलाची श्रीमंती दिसते.

इंग्रजी शिकणाऱ्या जगभरच्या विद्यार्थ्यांना एक रचना घाम फोडते: 'आय वुड रादर यू केम टुमॉरो.' बोलणे उद्याविषयीचे आहे आणि क्रियापद भूतकाळी. 'केम' का? वर्गात हा प्रश्न आला की बहुधा उत्तर मिळते, "नियमच तसा आहे, पाठ करा." पण मराठीत आपण काय म्हणतो पाहा: "तू उद्या आलास तर बरं होईल." 'आलास' हे रूप कुठल्या काळाचे आहे? काल आलास, परवा आलास, त्याच जातीचे. येणार आहेस उद्या आणि रूप झाल्यासारखे. "आज तू घरीच थांबलेलं बरं." थांबायचे अजून बाकी आहे आणि आपण 'थांबलेलं' म्हणतो. जे अजून घडलेले नाही, पण घडावे असे वाटते, ते घडल्यासारखे मानून त्याच्याविषयी बोलायचे, ही युक्ती दोन्ही भाषांनी आपापल्या वाटेने शोधली आहे. पाचोऱ्याचा किंवा साक्रीचा मुलगा ही युक्ती वयाच्या चौथ्या वर्षापासून वापरतो. त्याला 'केम' समजावून सांगायला वेगळे तत्त्वज्ञान लागत नाही. "आलास तर बरं" हे त्याच्याच तोंडचे वाक्य त्याला ऐकवले की पुरे. मी हे वर्गात केले आहे आणि बाकांवरची कपाळे सैल झालेली पाहिली आहेत.

तसेच नकाराचे. 'आय वुड नॉट रादर गो' अशी चूक वारंवार होते. बरोबर वाक्य 'आय वुड रादर नॉट गो.' इथेही आपली भाषा मदतीला येते. "मी न गेलेलं बरं" यात 'न' कुठे बसला? 'जाण्या'ला चिकटून बसला, 'बरं'ला नाही. पसंती होकारार्थीच आहे. पसंत केलेली गोष्ट मात्र 'न जाणे' आहे. इंग्रजीतला 'नॉट' तसाच 'गो'ला चिकटून राहतो.

'परवडलं' हा आपला आणखी एक दागिना. "त्याच्याकडे हात पसरण्यापेक्षा उपाशी राहिलेलं परवडलं." दोन्ही गोष्टी नकोशा आहेत, तरी त्यातली एक निवडायची आहे, आणि निवडताना राग, अभिमान, जिद्द सगळे त्या एका क्रियापदात येते. इंग्रजीत 'आय वुड रादर स्टार्व्ह दॅन आस्क हिम' हे वाक्य हेच काम करते. 'आय प्रिफर स्टार्व्हिंग टू आस्किंग हिम' व्याकरणाने चालेल, पण त्यात तो ताठा नाही. उपाशी राहणे ही जणू रोजची आवड असावी, असा थंडपणा त्यात येतो. 'प्रिफर' आणि 'वुड रादर' यांच्यातला फरक पुस्तके औपचारिक-अनौपचारिक असा सांगतात. तो खरा आहे, पण अपुरा. 'प्रिफर' स्वभावाविषयी बोलतो. 'वुड रादर' प्रसंगाविषयी, या घटकेविषयी. "मला 'आवडतं'" आणि "मला 'हवं'" यांत जो फरक, तोच साधारण 'लाइक' आणि 'वुड लाइक' यांत, 'प्रिफर' आणि 'वुड प्रिफर' यांत. पाहुण्याने चहा विचारला तर आपण "मला चहा आवडतो" असे म्हणत नाही, "घेईन" किंवा "चालेल" म्हणतो. तरी इंग्रजीत तेच मूल 'आय लाइक टी' म्हणते, कारण 'लाइक म्हणजे आवडणे' एवढेच त्याने वहीत लिहून घेतलेले असते.

अहिराणी बोलणाऱ्या मुलांसाठी इथे दोन शब्द अधिक. 'माले आवडस' आणि 'माले जोयजे' हा भेद त्यांच्या कानात प्रमाण मराठीइतकाच, किंबहुना जास्त लख्ख असतो. ग्रियर्सन यांनी भारताच्या भाषासर्वेक्षणात 1907 साली खान्देशीला भिल्ली भाषांबरोबर एकाच खंडात जागा दिली. 2011च्या जनगणनेत अहिराणी धरून खान्देशी बोलणाऱ्यांची संख्या 18 लाखांच्या वर आहे. तरीही शाळेत अहिराणी बोलले की मुलाला आधी मराठी सुधारायला सांगतात आणि मग इंग्रजी. त्याला दोन जिने चढावे लागतात. खरे तर 'जोयजे'वरून 'वुड लाइक'कडे थेट जाता येते. या पुस्तकाच्या पाठांत जिथे शक्य झाले तिथे मराठी वाक्याशेजारी अहिराणी वाक्य ठेवले आहे. शिक्षकांना बोली येत नसेल तर वर्गातल्या मुलांना विचारावे. ती शिकवतील.

हे लिहिताना मला बहिणाबाईंची आठवण होणे साहजिक आहे. आसोद्यात जन्मलेली, जळगावात नांदलेली, अक्षरओळख नसलेली ही बाई जात्यावर आणि शेतात जे बोलली, ते मुलगा सोपानदेव यांच्यामुळे कागदावर उतरले. 1952 साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ते पुस्तक झाले. तोपर्यंत बहिणाबाई गेल्या होत्या. 1990 साली स्थापन झालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला 2018पासून त्यांचे नाव आहे. शाळेची पायरी न चढलेल्या तोंडात व्याकरण किती परिपूर्ण असते, याचा याहून मोठा पुरावा खान्देशाला शोधावा लागणार नाही. याच मातीतले भालचंद्र नेमाडे, यावल तालुक्यातल्या सांगवीचे, आयुष्यभर इंग्रजीचे अध्यापन करत राहिले आणि शालेय शिक्षण मातृभाषेतूनच व्हावे हा आग्रह जाहीरपणे मांडत राहिले. मला या दोन गोष्टींत विरोध दिसत नाही. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात साने गुरुजी शिकवत होते, तेव्हापासून या भागाला एक गोष्ट ठाऊक आहे: मुलाच्या तोंडची भाषा ज्याने ऐकली, तोच त्याला दुसरे काही शिकवू शकतो.

पसंती या गोष्टीकडे थोडे व्याकरणाबाहेरूनही पाहावे लागते. आपल्या जिल्ह्यांतले शिक्षक दर सहा वर्षांनी नाशिक विभाग शिक्षक मतदारसंघासाठी विधान परिषदेचे मतदान करतात. तिथे शिक्का मारायचा नसतो, नावापुढे 1, 2, 3 असे आकडे लिहायचे असतात. पहिल्या पसंतीच्या मतांवर कोणी कोटा गाठला नाही तर दुसऱ्या पसंतीची मते मोजतात. म्हणजे दुसरा क्रमांक दिलेला उमेदवार मतदाराने नाकारलेला नसतो. आधी हा, हा नाही तर तो, असे त्या कागदावर लिहिलेले असते. पसंतीच्या इंग्रजी रचनांचे मर्म इतके स्वच्छ दुसरीकडे क्वचित सापडेल. 'आय प्रिफर जळगाव टू भुसावळ' म्हणणाऱ्याने भुसावळला नावे ठेवलेली नसतात. हे कळले नाही म्हणून आपली मुले पसंती सांगायला कचरतात. एक हवे म्हटले की दुसऱ्याचा अपमान झाला, असे त्यांना वाटते. मामाकडे जेवायला बसले की भरीत हवे का शेवभाजी, या प्रश्नाला "काहीही चालेल" हे सभ्य उत्तर ठरलेले आहे. हा आपला संस्कार आहे, त्यात यजमानाविषयीचा आदर आहे, आणि तो मोडा असे मी सांगणार नाही. फक्त इंग्रजीत त्या आदराचे शब्द वेगळे आहेत, ते माहीत असावेत. 'आयदर इज फाइन, बट आय'ड प्रिफर द भरीत, इफ इट्स नो ट्रबल.' यात 'चालेल'ही आहे आणि हवे तेही आहे.

नकाराचेही असेच. आपण पहिल्यांदा 'नको' म्हणतो, दुसऱ्यांदा 'नको नको' म्हणतो आणि तिसऱ्या आग्रहाला कप हातात घेतो. इंग्रजीत पहिले 'नो' बहुधा शेवटचे धरतात. 'आय'ड रादर नॉट, थँक यू' म्हटल्यावर पुन्हा विचारणा होईल, अशी वाट पाहू नये. सुरत, पुणे, आखाती देश किंवा त्याहून लांब कामासाठी गेलेल्या आपल्या मुलांनी हे आधी समजून जावे. सौजन्याची एक भाषा जाणणारा माणूस दुसऱ्या भाषेत उद्धट किंवा बुजरा ठरतो, तेव्हा दोष त्याच्या स्वभावाचा नसतो. त्याला तिथली रीत कोणी सांगितलेली नसते.

याच कारणाने 'हॅड बेटर'वर एक स्वतंत्र पाठ दिला आहे. मराठीतले 'बरं' फार उदार आहे. "तुम्ही बसलेलं बरं" यात काळजी आहे, सल्ला आहे, आवडही आहे. शब्दकोशात 'बरं म्हणजे बेटर' पाहून मूल आलेल्या पाहुण्याला म्हणते, 'यू हॅड बेटर सिट डाउन.' इंग्रजी कानाला यात "बसा, नाहीतर…" अशी तंबी ऐकू येते. 'हॅड बेटर' हा इशारा आहे, पसंती नव्हे. औषध वेळेवर घ्या, गाडी सुटेल, पाऊस येतोय, अशा ठिकाणी तो शोभतो. मोठ्या माणसापुढे जपून वापरावा.

जळगाव स्थानकावर अजिंठ्याला जाणारे परदेशी प्रवासी उतरतात. लेणी तिथून साधारण साठ किलोमीटर. स्थानकाबाहेरचे टॅक्सीवाले, फर्दापूरच्या बाजूचे विक्रेते, वाटाडे यांचे इंग्रजी ज्याने कान देऊन ऐकले असेल त्याला एक गोष्ट जाणवेल. 'यू लाइक बस ऑर टॅक्सी? एसी, नॉन-एसी?' यात 'वुड' नाही, 'प्रिफर' नाही, तरी पसंती विचारली जाते, सांगितली जाते आणि व्यवहार पुरा होतो. कमी शिकलेला माणूस जे धाडसाने करतो ते पदवीधराला का जमत नाही? कारण त्याला लाल शाईची भीती नाही. या लोकांच्या इंग्रजीला हसणारे मला आवडत नाहीत. व्याकरणाने त्या धाडसात भर घालायची असते. ते काढून घेणारे व्याकरण शिकवण्यापेक्षा न शिकवलेले परवडले. म्हणून पुस्तकात चुका दाखवताना 'कुठे अर्थ बिघडतो' आणि 'कुठे फक्त कानाला खटकते' असे दोन वेगळे रंग वापरले आहेत. 'प्रिफर दॅन' दुसऱ्या रंगात आहे, उलटा क्रम पहिल्या.

मुलींविषयी वेगळे लिहायचे नव्हते, पण लिहितो. गावाकडच्या वर्गात 'आय वुड प्रिफर टू…' हे अर्धे वाक्य फळ्यावर लिहून पुढचे पुरे करायला सांगितले, की मुलगे क्रिकेट, पोलीस भरती, मोबाइल असे काहीतरी लिहून मोकळे होतात. काही मुली बराच वेळ पेन हातात धरून बसतात. शब्द येत नाहीत म्हणून नव्हे. तुला काय हवे, हा प्रश्नच त्यांना थेट कोणी विचारलेला नसतो. शाखा कोणती, कॉलेज कोणते, लग्न कधी, या सगळ्याचे उत्तर घरातले दुसरे कोणी देत आलेले असते. भाषेच्या तासाला तो प्रश्न विचारला जातो आणि उत्तर वहीत लिहावे लागते. शिक्षकाने ती वही जपून वाचावी. स्पेलिंग नंतर पाहावे.

पुस्तकात काय नाही, तेही सांगितले पाहिजे. 'वुड ॲज सून', 'वुड जस्ट ॲज सून' या रचना एकेका ओळीत आटोपल्या आहेत, कारण आपल्या मुलांना त्या वाचताना क्वचित भेटतील आणि बोलताना लागणार नाहीत. 'प्रिफर्ड'मध्ये 'आर' दोनदा आणि 'प्रेफरन्स'मध्ये एकदा का, याचे उत्तर आघातात आहे. पहिल्यात जोर 'फर'वर, दुसऱ्यात 'प्रे'वर. एवढे कळले की 'रेफर', 'डिफर', 'ऑफर' यांचेही स्पेलिंग सुटते. त्याची तालिका शेवटी आहे, ती पाठ करण्याची सक्ती नाही. अमेरिकी-ब्रिटिश भेदांची चर्चा मुद्दाम टाळली आहे.

प्रत्येक पाठात आधी बोलण्याचा भाग आहे, मग लिहिण्याचा. वाक्ये केळीच्या बागेतली, कापसाच्या जिनिंगमधली, महाराष्ट्र एक्सप्रेसच्या आरक्षणाची, वसतिगृहाच्या खानावळीतली आहेत. लंडनचे हवामान आणि 'ॲपल पाय' यांना जागा दिलेली नाही. रावेरच्या मुलाला बसराई आणि ग्रँड नैन यांतले काय परवडते, हे सांगायला आवडेल आणि त्याला ते माहीतही असेल. माहीत असलेल्या गोष्टीविषयी बोलताना जीभ कमी अडखळते.

सरावाच्या प्रश्नांना उत्तरसूची दिलेली नाही. पहिल्या वाचकांपैकी काही शिक्षकांनी ती मागितली. पण 'धुळ्याहून पुण्याला तू रात्रीच्या बसने जाशील की दिवसाच्या, आणि का?' या प्रश्नाचे उत्तर मी कुठून देणार? ते चाळीस मुलांच्या वर्गात चाळीस प्रकारे येईल. शिक्षकांनी तपासताना तीनच गोष्टी पाहाव्यात: निवडलेली गोष्ट योग्य जागी आहे का, 'वुड' असल्यास पुढचे क्रियापद मूळ रूपात किंवा जिथे हवे तिथे भूतकाळी रूपात आहे का, आणि 'का'चे उत्तर मुलाचे स्वतःचे आहे का. तिसऱ्या गोष्टीला निम्मे गुण द्यावेत.